धनेशाच्या झाडाचं भाडं कोण देणार?

२०२४ च्या पावसाळ्यात कोकणातल्या शेतकऱ्यावर पाठोपाठ दोन बातम्या आदळल्या. ३१ जुलैला केंद्र सरकारने पश्चिम घाटातल्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा पुन्हा एकदा काढला आणि त्यात महाराष्ट्रातलं सतरा हजार चौरस किलोमीटरहून जास्त क्षेत्र दाखवलं. ऑगस्टमध्ये राज्य मंत्रिमंडळाने विनापरवाना झाड तोडल्याचा दंड हजार रुपयांवरून ५० हजारांपर्यंत नेण्याचं ठरवलं. त्यावर वाद पेटला. गावाकडची तक्रार एका ओळीत सांगायची तर अशी: झाडं आम्ही राखली, हवा-पाणी तुम्ही वापरता, आणि दंड पुन्हा आम्हालाच?

तक्रार खोटी नाही. पण तिच्यावर चर्चा सुरू झाली की दोनच बाजू ऐकू येतात, एक म्हणते बंदी घाला, दुसरी म्हणते बंदी उठवा. मधला एक रस्ता जगात पंचवीस-तीस वर्षं वापरात आहे, त्याच्याबद्दल मराठीत फारसं कुणी बोलत नाही. जो लहान शेतकरी आपल्या जमिनीतलं जंगल, तिथल्या पक्ष्या-प्राण्यांचा निवारा राखतो, त्याला राखण्याचे पैसे द्यायचे. ऐकायला सोपं आहे. पैसे कोणी द्यायचे, किती, कशाच्या बदल्यात, आणि दिल्याने जंगल खरंच वाचतं का, इथे गुंता सुरू होतो.

जंगल सातबाऱ्यावर आहे

जंगल म्हटलं की आपल्याला वनखात्याचं फाटक आणि पर्यटकांच्या जिप्सी आठवतात. रत्नागिरी जिल्ह्यात हे चित्र लागू पडत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या नोंदींत हा जिल्हा जवळपास निम्मा वनाच्छादित दिसतो, पण वनखात्याच्या ताब्यातली जमीन अगदी नगण्य आहे. (उपग्रहाला आंब्याची बागही जंगलच दिसते. ती वजा केली तरी जे उरतं ते थोडं नाही.) हे जंगल लोकांच्या मालकीचं आहे. खाली भातखाचरं, वर वरकस म्हणजे उताराची हलकी जमीन, त्याच्याही वर डोंगराचा उतार आणि त्यावर ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, टहाळ, चुलीसाठी फाटी, गुरांसाठी चारा, असा त्याचा रोजचा उपयोग. शेतकऱ्याच्या लेखी ही डोंगरावर ठेवलेली मुदत ठेव असते.

ठेव मोडायची पद्धत ठरलेली आहे. घरात लग्न निघतं, कुणाला दवाखान्यात न्यावं लागतं, घराचं छप्पर बदलायचं असतं. ठेकेदार येतो, डोंगर नजरेखालून घालतो आणि उक्ता भाव सांगतो. झाडं मोजत नाही कुणी. आंबा-फणस-काजू वगळून सगळं खाली येतं, ट्रक भरून कारखान्यांच्या बॉयलरला, वीटभट्टीला जातं. मालकाच्या हातात एकरकमी रोख पडते. तोडलेल्या बुंध्यांना पुढच्याच पावसात धुमारे फुटतात आणि दहा-पंधरा वर्षांनी तोच डोंगर पुन्हा तोडीला येतो.

म्हणजे लांबून पाहिलं तर डोंगर हिरवाच असतो, पण त्याच्यावरचं एकही झाड म्हातारं होत नाही. आणि धनेशाला, म्हणजे मोठ्या चोचीच्या हॉर्नबिल पक्ष्याला, म्हातारंच झाड लागतं.

धनेश स्वतः ढोली कोरू शकत नाही. जुन्या, जाड बुंध्याच्या झाडात फांदी तुटून, आतून कुजून जी पोकळी तयार होते, तीच त्याला हवी असते. बेहड्यासारख्या उंच झाडात ती मिळते. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी त्या ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. लिंपायला विष्ठा, फळांचा गर, माती. उरते फक्त चोच बाहेर येईल एवढी उभी फट. पुढे कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला आणि पिल्लाला भरवतो. वड, उंबर, पिंपळ अशा झाडांची फळं तो गळ्यात साठवून आणतो आणि एकेक बाहेर काढत चोचीत देतो. मोठ्या धनेशाच्या बाबतीत हा संसार चारेक महिने चालतो. कोकणात तोडीचा हंगामही कोरड्या दिवसांतलाच. बेहडा पडला तर आतली मादी आणि पिल्लू दोघंही गेली, आणि पुढच्या वर्षासाठी तसं दुसरं झाड आसपास असेलच याचा भरवसा नाही.

आता मालकाच्या बाजूने बघा. धनेश त्याच्या झाडात राहतो त्याचे त्याला शून्य रुपये मिळतात. झाड पाडलं तरच त्याचे पैसे होतात. या हिशेबात त्याने झाड राखलं तर तो त्याचा मोठेपणा, पण मोठेपणावर कुणाचं दवाखान्याचं बिल भागत नाही.

भरपाई वेगळी आणि मोबदला वेगळा

आपल्याकडे वन्यजीव आणि पैसा एकत्र आले की मनात येते ती भरपाई. रानडुकरांनी भात लोळवला, बिबट्याने शेळी नेली, पंचनामा झाला की रक्कम मिळते. माणूस दगावला तर वारसांना २५ लाखांपर्यंत. हे हवंच. पण ते झालेल्या नुकसानीचे पैसे आहेत. ज्याने डोंगर राखला आणि ज्याने साफ केला, दोघांचीही शेळी गेली तर दोघांना सारखीच रक्कम. डोंगर राखण्याचं कारण त्यातून तयार होत नाही.

आपण ज्याबद्दल बोलतो आहोत त्याला तज्ज्ञ 'परिसंस्था सेवांचा मोबदला' म्हणतात. परिसंस्था म्हणजे एखाद्या जागची झाडं, प्राणी, माती, पाणी यांचं एकमेकांवर अवलंबून चाललेलं जग, आणि सेवा म्हणजे त्यातून इतरांना मिळणारा फायदा. इथून पुढे मी नुसता 'मोबदला' म्हणेन. त्याचं मर्म एका अटीत आहे: ठरलेली गोष्ट जागेवर टिकली तरच पैसे.

हा व्यवहार शहरातल्या माणसाच्या चांगला ओळखीचा आहे. सोसायटीच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहतो. गच्ची सोसायटीचीच राहते, पण तिथे मजला चढवता येत नाही, आणि त्या अडकून पडण्याचं भाडं कंपनी देते. टॉवर काढला की भाडं बंद. टॉवरचा फायदा घेणारे त्या इमारतीत राहतात की दहा किलोमीटरवर, हे कुणी विचारत नाही. धनेशाच्या झाडाला असं भाडं नाही, एवढाच फरक.

महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारा एक सरकारी प्रयोग समुद्रात चालू आहे. जाळ्यात व्हेल शार्क किंवा समुद्री कासवासारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर फाटलेल्या जाळ्याचे २५ हजार रुपयांपर्यंत मिळतात. २०१८ च्या अखेरीस ही योजना आली. नाव भरपाईचंच आहे, पण पैसे प्राणी सुटल्यावर मिळतात, मेल्यावर नाही. डोंगरावर हे का होऊ नये?

युगांडातल्या १२१ गावांत काय झालं

मोबदल्याच्या योजना जगात शेकड्याने आहेत. त्यांतल्या बहुतेक 'आमच्याकडे जंगल वाढलं' असं सांगतात, आणि तिथेच शंका घ्यावी लागते. जंगल योजनेमुळे वाढलं की लाकडाचा भाव पडला म्हणून, हे कसं ओळखायचं? नव्या औषधाची चाचणी करताना काही रुग्णांना औषध देतात, काहींना देत नाहीत, आणि कुणाला द्यायचं हे चिठ्ठी टाकून ठरतं. जंगलाच्या बाबतीत अशी चाचणी युगांडात झाली. अर्थशास्त्रज्ञ सीमा जयचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला.

जागा पश्चिम युगांडातले होइमा आणि किबाले हे जिल्हे. चिंपांझींचा हा प्रदेश. युगांडातलं बरंचसं जंगल आपल्या कोकणासारखंच खासगी मालकीचं आहे, तुकडे लहान, मालक गरीब. लाकूड आणि कोळसा विकायला किंवा पिकासाठी जमीन मोकळी करायला झाडं जातात. एकूण १२१ गावं निवडली. चिठ्ठीत आलेल्या ६० गावांतल्या जंगलमालकांना सांगितलं, झाडं तोडली नाहीत तर हेक्टरी वर्षाला ७० हजार युगांडन शिलिंग मिळतील. तेव्हाच्या दराने २८ डॉलर, म्हणजे अडीच एकराला आपले साधारण दीड हजार रुपये. घरच्या गरजेपुरती मोजकी झाडं घ्यायला आणि पडलेलं लाकूड गोळा करायला मुभा होती. तपासणीस अधूनमधून न सांगता येऊन तुकडा बघून जायचे. योजना दोन वर्षं चालली.

दोन वर्षांनी उपग्रहाची चित्रं ताडून पाहिली. ज्या गावांत योजना नव्हती तिथलं वृक्षाच्छादन ९.१ टक्क्यांनी घटलं होतं. योजनेच्या गावांत घट ४.२ टक्के. तोड निम्म्याहून खाली आली.

याला विजय म्हणायचं की अपयश? मला तो प्रामाणिक आकडा वाटतो. तोड थांबली नाही, पण अर्धी झाली. आणि ती अर्धी झाली पात्र मालकांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोक योजनेत आले असताना. बाकीच्यांतल्या काहींपर्यंत माहितीच पोचली नव्हती. काहींना वाटत होतं की आज करारावर अंगठा घेतील, उद्या जमीन घेतील. ही भीती कोकणात कुणाला समजावून सांगावी लागणार नाही. १९७५ चा खासगी वने संपादनाचा कायदा आला आणि पुढे कित्येकांना आपल्या सातबाऱ्यावर 'खासगी वन' अशी नोंद अचानक सापडली. त्यावरचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चालले. 'तुमच्या जमिनीतलं जंगल चांगलं आहे' असं सरकारी माणसाने म्हटलं की पोटात गोळा येतो, तो उगीच नाही.

पैसा आणायचा कुठून?

कोस्टा रिकाने हा प्रश्न पेट्रोलपंपावर सोडवला. मध्य अमेरिकेतला हा चिमुकला देश. गुरांच्या कुरणांसाठी तिथलं जंगल इतकं कापलं गेलं की १९८० च्या दशकात ते देशाच्या जेमतेम पाव भागावर आलं होतं. १९९६ मध्ये त्यांनी वनकायदा केला आणि जंगलाच्या चार सेवांना कायद्यात जागा दिली: कार्बन धरून ठेवणं, पाणी, जैवविविधता आणि निसर्गसौंदर्य. १९९७ पासून जमीनमालकांना मोबदला सुरू झाला. त्याचा मुख्य आधार इंधनावरचा कर. गाडीवाला धूर सोडतो, झाडवाला तो शोषतो, म्हणून एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात. आज देशाचा निम्म्याहून जास्त भाग पुन्हा जंगलाखाली आहे. (यात एकट्या मोबदल्याचं श्रेय किती, ते पुढे.)

दुसरा मार्ग, ज्याला फायदा होतो त्याच्याकडूनच घ्यायचं. हिमाचलातल्या पालमपूर शहराला बोहल नावाच्या झऱ्याचं पाणी येतं. झऱ्याच्या वरच्या अंगाचं जंगल राखणाऱ्या गावाला नगरपालिका वर्षाला दहा हजार रुपये देईल, असा करार २०१० मध्ये झाला. रक्कम हास्यास्पद वाटेल इतकी लहान आहे. पण पाणी वापरणाऱ्या शहराने वरच्या गावाचं देणं लेखी मान्य केलं, ही मोठी गोष्ट. आपल्याकडे सह्याद्रीचं पाणी पिणारी, त्यावर वीज करणारी शहरं किती आहेत, ते मोजायला बसलं तर दुपार जाईल.

तिसरा मार्ग बाजाराचा, आणि तो महाराष्ट्रातच चालून दाखवलेला आहे. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था संगमेश्वर भागात खासगी जंगलमालकांशी न तोडण्याचे करार करत आली आहे. शिवाय संस्थेने बेहड्याच्या फळाला वाट काढून दिली. हिरडा, बेहडा, आवळा मिळून त्रिफळा होतं हे आपल्याला माहीत आहे. भीमाशंकरच्या बाजूचे महादेव कोळी आणि संगमेश्वरचे गावकरी जी फळं गोळा करतात ती नीट वाळवून, काही फळं रानाला ठेवून, फांद्या न तोडता गोळा केली, तर 'फेअरवाइल्ड' हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं आणि पुक्का नावाची ब्रिटिश चहा-कंपनी चढा भाव देऊन ती घेते. यात कुणी कुणाला अनुदान देत नाही. झाड उभं राहिलं तर दरवर्षी फळ, पाडलं तर एकदाच लाकूड. धनेश ज्या झाडात घर करतो त्याच झाडाला किंमत आली, हे या प्रयोगाचं खरं कसब.

सरकारी पातळीवर २०११ च्या माधव गाडगीळ समितीच्या अहवालात देवराया आणि नैसर्गिक झाडोरा राखणाऱ्यांना संवर्धनाचा मोबदला द्यावा अशी शिफारस होती. अहवालावर वर्षानुवर्षं भांडण झालं ते बंदीच्या पानांवरून. मोबदल्याची पानं कुणी फारशी उघडली नाहीत, ना विरोधकांनी, ना समर्थकांनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राने 'ग्रीन क्रेडिट'चे, म्हणजे पर्यावरणाच्या कामाबद्दल श्रेयांक देण्याचे, नियम आणले, पण त्यांचा आतापर्यंतचा भर ऱ्हास झालेल्या वनजमिनीवर नवी झाडं लावण्यावर राहिला आहे. शंभर वर्षांचा बेहडा उभा ठेवणाऱ्याच्या वाट्याला त्यातून काही येत नाही. रोप लावताना फोटो निघतो, झाड न तोडताना निघत नाही, हे त्याचं एक कारण असावं.

'नाहीतरी ते तोडणार नव्हतेच!'

हा सगळ्यात वजनदार आक्षेप आहे. ज्याचा डोंगर इतका चढाचा की ट्रक पोचत नाही, तो पहिला अर्ज करणार. त्याला दिलेले पैसे म्हणजे वाया. कोस्टा रिकाच्या योजनेवर नेमकी हीच टीका झाली. तिथे ज्या कायद्याने मोबदला आला त्यानेच जंगल साफ करून जमीन दुसऱ्या कामाला लावायला बंदी घातली होती. शिवाय गोमांसाचा व्यवसाय मंदावला, पर्यटन वाढलं. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत मोबदल्याने वेगळं असं किती जंगल वाचलं, यावर अभ्यासकांचं उत्तर 'फार थोडं' असंच होतं. पैसेही मोठ्या जमीनदारांकडे जास्त गेले, कारण कागदपत्रं त्यांचीच पक्की होती. नंतर त्यांनी निकष बदलले, गरीब भागांना आणि वन्यजीवांच्या वाटांवरच्या जमिनींना प्राधान्य दिलं.

मेक्सिकोच्या चियापास राज्यात या आक्षेपावर एक साधा उपाय करून पाहिला गेला. नेहमीच्या करारात शेतकरी आपल्या जंगलाचा कोणता तुकडा नोंदवायचा ते स्वतः ठरवतो, आणि साहजिकच न तोडायचा तुकडाच नोंदवतो. तिथे काही जणांना अट घातली, नोंदवायचं तर सगळं जंगल नोंदवा. तोड बरीच कमी झाली आणि तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त जंगल वाचलं. इकडे राखून तिकडे तोडण्याची पळवाटही त्याने बुजली. युगांडाच्या अभ्यासकांनी शेजारच्या जंगलांवर ओझं सरकलं का हेही तपासलं होतं, तसं काही आढळलं नाही.

कोकणात ही निवड आणखी सोपी आहे. ठेकेदार जिथे फिरकतो ते डोंगर कोणते, हे गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं.

पैसे वेळेवर मिळतील?

या प्रश्नाला धोरणकर्ते तळटीप समजतात. शेतकऱ्यासाठी हाच पहिला प्रश्न असतो.

याचं उत्तर पंजाबातून मिळतं. भाताची खोडं जाळू नयेत म्हणून तिथे २०१९ मध्ये पैसे देण्याचा प्रयोग झाला, तोही चिठ्ठ्या टाकून. वन्यजीवांचा संबंध नाही, पण शेतकरी आणि अट तीच. 'जाळलं नाही तर नंतर पैसे देऊ' असं ज्यांना सांगितलं त्यांच्या वागण्यात फरक पडला नाही. ज्यांना ठरलेल्या रकमेतला काही भाग आधीच हातात दिला, त्यांच्यात जाळणं कमी झालं. आधी दिलेल्या भागावर कुठलीही अट नव्हती, ते बुडवून पुन्हा जाळता आलं असतं. तरीही फरक पडला. ज्याने 'रक्कम खात्यावर जमा होईल' हे वाक्य आयुष्यभर ऐकलं आहे, त्याला थोडे पैसे आधी दिसले की उरलेलेही येतील असं वाटायला लागतं. शिवाय खोडं न जाळता काढायला मशीन भाड्याने आणायचं तर त्यालाही आधी पैसे लागतात.

केनियात वेळेचा विचार आणखी बारकाईने केला गेला. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी. तिथून पावसाळ्यात विल्डबीस्ट आणि झेब्रे बाहेर मसाई पशुपालकांच्या खासगी जमिनींवर चरायला जातात. या कितेंगेला भागात २०००च्या सुमारास एकरी वर्षाला ४ डॉलर देणं सुरू झालं. बदल्यात कुंपण घालायचं नाही, जमीन विकायची नाही, जनावरांना हटकायचं नाही. रक्कम वर्षातून तीन हप्त्यांत, शाळेचं सत्र सुरू होताना. फीची वेळ ही जमीन विकायची वेळ असते, हे ज्याने ओळखलं त्याला मी मानतो.

कोकणातला ठेकेदारही हेच जाणतो. तो अडचणीच्या आठवड्यात येतो. वर्षाअखेर मिळणारा मोबदला त्याच्यापुढे उपयोगाचा नाही. करारात अशी सोय हवी की दवाखान्याचा खर्च निघाला तर पुढच्या दोन-तीन वर्षांचे पैसे उचलता येतील. मोबदला किती, यापेक्षा तो कधी, यावर जास्त डोकं लावायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसे सुरू झाले की श्रद्धा संपेल का?

काही निसर्गप्रेमी विचारतात: देवराई लोकांनी देवाच्या धाकाने राखली, तिला दर लावला तर धाक जाईल आणि दरच उरेल. शंका रास्त आहे. पैसे देऊन नंतर बंद केले तर लोक आधीपेक्षा कमी राखतात का, याची काळजी या विषयातले अभ्यासकही करतात. म्हणून देवराईला एकरी दर लावू नये, असं मलाही वाटतं. द्यायचं तर गावाच्या सामायिक कामाला द्यावं. पण खासगी डोंगरावर देवाचा धाक आधीही नव्हता. तिथे व्यवहारच होता, फक्त एकच गिऱ्हाईक होतं.

प्लॉटवाल्याच्या भावापुढे हे टिकेल?

टिकणार नाही. हे स्वच्छ सांगितलेलं बरं.

मोबदला जिंकतो तो लहान प्रतिस्पर्ध्याशी. जळाऊ लाकडाच्या तोडीतून दहा-पंधरा वर्षांत एकदा जे हाती येतं, त्याला वर्षांनी भागलं तर एकरी आकडा फारसा मोठा राहत नाही. तेवढं किंवा थोडं जास्त देता येण्यासारखं आहे. पण 'सी व्ह्यू', 'सेकंड होम', महामार्गालगतचा एनए प्लॉट असा ग्राहक आला, की कुठलाही मोबदला त्याच्या जवळपासही जात नाही. कितेंगेलात हेच झालं. नैरोबी वाढत गेलं, जमिनीचे भाव चढले, ४ डॉलर चारच राहिले आणि मोकळ्या माळावर वस्ती, कुंपणं, कारखाने उभे राहत गेले. जिथे जमीनच विकली जाणार तिथे आराखडा आणि बांधकामाचे नियमच लागतात. मोबदला हा त्यांचा पर्याय म्हणून पुढे केला तर ती फसवणूक होईल. डोंगराच्या आतल्या अंगाला, रस्त्यापासून लांब, जिथे आज ठेकेदार हाच एकमेव गिऱ्हाईक आहे, तिथे मात्र तो लागू पडतो, आणि प्लॉटवाला तिथे पोचण्याआधी करार व्हायला हवेत.

आणि सातबाऱ्यावरची सतरा नावं?

ही अडचण आपली खास. डोंगराचा सातबारा काढला तर त्यावर आजोबांच्या भावंडांपासूनची नावं. निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत, दोघांचा आपापसात दावा चालू. तोडीला सगळ्यांची संमती जमवायला ठेकेदार कसा तरी रस्ता काढतो, कारण त्यात त्याचा नफा आहे. मोबदल्याचे पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे, या प्रश्नाशी मात्र सरकारी योजना अडकून पडेल आणि फाइल बंद होईल.

यातून निघायला एक वाट दिसते. कोस्टा रिकात शेतातल्या झाडांना एकराऐवजी झाडामागे पैसे देण्याचीही सोय आहे. कोकणात जमीन सामायिक असली तरी झाडं वाटून घ्यायची रीत जुनी आहे. हा फणस थोरल्याचा, तो आंबा धाकट्याचा, हे घरात सगळ्यांना माहीत असतं आणि त्यावरून सहसा कोर्टात जात नाहीत. ढोलीचे बेहडे, जुने वड-उंबर यांची वाडीत बसून यादी करायची, झाडागणिक रक्कम ठरवायची, ज्याचं झाड त्याला त्याचा हिस्सा आणि थोडा भाग वाडीच्या खात्यात. तपासणी वाडीतलाच कोणीतरी करेल, त्याला त्याची मजुरी. शिमग्याला चाकरमानी घरी येतात, तेव्हा बहुतेक सगळे वाटेकरी एका अंगणात असतात. सह्या घ्यायच्या तर त्याच आठवड्यात, कारण ठेकेदारही तोच मुहूर्त धरून येतो.